नीमन-पिक 'सी' : पेशीत अडकलेला साठा आणि प्रयोगशाळेतील उंदीर



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांसोबत एखाद्या आजाराची सविस्तर ओळख करून द्यावी, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू हे विषय यापूर्वी येऊन गेले. यंदा आम्ही मुद्दाम असा आजार निवडला आहे, ज्याचे नावही बहुतेकांच्या कानावर आलेले नसेल. त्याला निमित्तही घडले. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी रोखठोक विचारले होते, "ज्या आजारावर खात्रीचा इलाज नाही, त्याच्या निदानासाठी न्यासाने पैसा का राखून ठेवावा?" प्रश्न रास्त होता. सभेच्या घाईत एका वाक्यात त्याचे उत्तर उरकणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही, म्हणून हा लेख. आम्ही व्यवस्थापनातील माणसे, शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकातील गोष्ट समजून घेतानाही गोदाम, आवक-जावक आणि ताळेबंद हेच शब्द प्रथम आठवतात. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे. वैद्यकीय तपशील आमच्या बालरोग विभागाने तपासून दिला आहे.

काही मुले जन्मतः सुदृढ दिसतात. क्वचित जन्मानंतरची कावीळ नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळते, पोट तपासताना पानथरी वाढलेली आढळते; पण कावीळ उतरते आणि घरचे लोक निर्धास्त होतात. पुढे चार-सहा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, मूल चालताना अडखळू लागते. अक्षर बिघडते. जिना उतरताना पायरीकडे नजर वळवता येत नाही, म्हणून ते मान खाली घालून उतरते. एखाद्या विनोदावर खळखळून हसताच अंगातले त्राण जाऊन ते मटकन खाली बसते. शाळेत 'लक्ष नाही' असा शेरा मिळतो, घरी 'आळशी' म्हणून बोलणी बसतात. मग गिळताना ठसका लागतो, बोलणे अस्पष्ट होते, झटके येऊ लागतात. हाच नीमन-पिक रोगाचा 'सी' प्रकार. सुमारे लाख-सव्वा लाख जन्मांमागे एका बालकास तो होतो, असा अंदाज आहे.

रोगाला ज्यांचे नाव मिळाले ते अल्बर्ट नीमन हे जर्मन बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९१४ साली अशा स्वरूपाच्या आजाराचे पहिले वर्णन केले. लुडविग पिक या विकृतिशास्त्रज्ञांनी पुढील दशकात त्याचे वेगळेपण सिद्ध केले. १९६१ साली अॅलन क्रॉकर यांनी या रोगाचे अ, ब, क, ड असे, म्हणजे इंग्रजी अक्षरांप्रमाणे ए, बी, सी, डी असे, चार प्रकार पाडले. वर्गीकरण सोयीचे होते, पण त्यामुळे एक गैरसमजही रुजला. 'ए' प्रकारात स्फिंगोमायलिन नावाचा स्निग्ध पदार्थ पेशींत साठतो आणि तो फोडणारे विकर या रुग्णांत नसते, हे १९६६ साली अमेरिकेतील रॉस्को ब्रेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. नाव एकच असल्याने 'सी' प्रकारातही तेच बिघडले असावे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः दोन्ही आजार मुळातच वेगळे आहेत. हे उघड व्हायला जवळपास वीस वर्षे लागली, आणि ते उघड केले एका पांढऱ्या उंदराने.

उंदराकडे वळण्यापूर्वी पेशीतील व्यवहार थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपल्या प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. बाहेरून आलेला किंवा पेशीतच जुना झालेला माल तेथे फोडला जातो आणि त्यातील उपयोगी भाग पुन्हा वापरात येतो. रक्तातून कोलेस्टेरॉल घेऊन येणारे कणही येथेच उतरतात. (ते पेशीत कसे शिरतात याचा उलगडा केल्याबद्दल डॅलस येथील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.) लायसोसोममध्ये सुटे झालेले कोलेस्टेरॉल बाहेर काढण्याचे काम दोन प्रथिने मिळून करतात. तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाही. म्हणून एक प्रथिन त्याला आपल्या कुशीत घेते आणि भिंतीत बसलेल्या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती सोपवते. गोदामातील हमालाने दारावरच्या माणसाकडे पोते द्यावे, तसाच हा प्रकार. पहिल्या प्रथिनास एनपीसी-२ आणि दुसऱ्यास एनपीसी-१ म्हणतात. यांपैकी एकही नसेल, तर माल आत येत राहतो, फुटतो, पण दाराबाहेर जात नाही. सुमारे ९५ टक्के रुग्णांत दोष एनपीसी-१ च्या जनुकात असतो.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. गोदाम ओसंडून वाहत असते, आणि पेशीच्या उरलेल्या भागात मात्र टंचाई असते. पुरवठा येत नाही असे समजून पेशी स्वतःच नवे कोलेस्टेरॉल तयार करू लागते. म्हणजे एकाच घरात अजीर्ण आणि उपासमार एकत्र नांदतात.

आता उंदीर. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या एका वंशावळीत काही पिल्ले आपोआपच आजारी निपजत होती. कोणी मुद्दाम त्यांच्या जनुकांत फेरफार केलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पिल्ले जन्मतः ठीक असत. सहा-सात आठवड्यांनंतर वजन वाढणे थांबे, अंगाला कंप सुटे, चाल डळमळीत होई, आणि साधारण दहा ते बारा आठवड्यांत ती मरत. जवळपास त्याच काळात जपानमध्येही अशाच उंदरांचा दुसरा वंश आढळला. पीटर पेन्चेव्ह यांच्या गटाने १९८० साली या उंदरांचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना दोन विकरांची क्रियाशीलता कमी झालेली दिसली, आणि त्यांतील एक विकर स्फिंगोमायलिन फोडणारे होते. म्हणजे उंदरानेही प्रथम जुन्याच समजुतीला दुजोरा दिला, असे वाटले.

पण हिशेब जुळत नव्हता. विकर कमी होते खरे, तरी ते पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते. पेन्चेव्ह यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९८४ साली त्यांनी दाखवले की, या उंदरांच्या पेशींना बाहेरून कोलेस्टेरॉल दिले, तर त्यावर पुढची प्रक्रियाच होत नाही. ते वाटेतच अडकून पडते. विकरांची घट ही या अडकण्याची परिणती होती, कारण नव्हे. लगेच पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, 'सी' प्रकारच्या रुग्णांच्या त्वचेपासून वाढवलेल्या पेशींत तोच दोष सापडला. अडकलेले कोलेस्टेरॉल पाहण्यासाठी फिलिपिन हा पदार्थ वापरला जाऊ लागला. फिलिपाइन्समधील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून तो मिळतो. कोलेस्टेरॉलला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. निरोगी पेशीत मंद उजेड दिसतो, रुग्णाच्या पेशीत केंद्रकाभोवती निळ्या ठिणग्यांची दाटी दिसते. त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन, पेशी कित्येक आठवडे वाढवून करावयाची ही तपासणी पुढे वर्षानुवर्षे निदानाचा मुख्य आधार राहिली. १९९७ च्या जुलै महिन्यात एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात माणसाचे आणि उंदराचे एनपीसी-१ जनुक प्रसिद्ध झाले. दुसरे जनुक २००० साली सापडले.

या शोधामागे एका कुटुंबाची धडपडही होती, ती आमच्या देणगीदारांनी अवश्य जाणून घ्यावी. आरा पार्सेगियन हे अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नामवंत प्रशिक्षक. त्यांच्या तीन नातवंडांना हा आजार असल्याचे निष्पन्न झाले. १९९४ साली या कुटुंबाने संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि लोकांकडून निधी जमवून प्रयोगशाळांना दिला. जनुकाच्या शोधातही त्याचा हातभार होता. तिन्ही नातवंडे मात्र वाचली नाहीत. पहिले तर जनुक सापडले त्याच वर्षी गेले.

ताळेबंदातील फसवी बेरीज

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. आजारी उंदराच्या कोणत्या अवयवात कोणता स्निग्ध पदार्थ किती आहे, याची मोजदाद अनेक प्रयोगशाळांनी केली. यकृताचे उत्तर सरळ आले. सात आठवड्यांच्या उंदराच्या यकृतात कोलेस्टेरॉल निरोगी भावंडाच्या सुमारे दहापट असते. पानथरी, फुप्फुसे यांतही ते वाढलेले असते. मरण ओढवते मेंदूच्या बिघाडाने, म्हणून साहजिकच मेंदूत सर्वांत मोठा साठा सापडेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात मेंदूतील एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले आढळलेच नाही. उलट आजार पुढे सरकतो तसे ते निरोगी उंदरापेक्षा कमी भरते.

हा आकडा वाचून आम्ही प्रथम गोंधळलो. डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा मात्र आमच्या व्यवसायातील ओळखीचीच गोष्ट निघाली. मेंदू हा शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी वीस ते पंचवीस टक्के त्यात असते. त्यातलाही बहुतांश भाग मज्जातंतूंवरील मायलिन या आवरणात असतो; विजेच्या तारेवरचे वेष्टनच म्हणा. या आजारात मज्जापेशींच्या आत कोलेस्टेरॉल तुंबते, आणि त्याच वेळी बाहेरचे मायलिन नष्ट होत जाते. एका खात्यात न विकलेला माल वाढतो, दुसऱ्या खात्यातील भांडवल त्याहून वेगाने बुडते, आणि खालची बेरीज घटलेली दिसते. केवळ बेरीज पाहणारा लेखापरीक्षक म्हणेल, साठा कुठेच नाही. प्रत्येक खाते वेगळे उघडले तरच दुखणे सापडते. फिलिपिनने रंगवलेल्या मेंदूच्या कापांत एकेका पेशीतील साठा स्पष्ट दिसतो. सर्वाधिक हानी होते ती लहान मेंदूतील पर्किंजे पेशींची. शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ राखणाऱ्या या पेशी एकामागून एक मरतात. तीही एका ठरावीक क्रमाने, लहान मेंदूच्या पुढील भागाकडून मागे. शेवटच्या घडीपर्यंत टिकून राहतात. हाच दोष अंगी असूनही ती का तगते, हे कोडे अभ्यासकांना आजही खुणावते.

येथे एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवतो, कारण तो आमच्या समुपदेशन कक्षात हमखास विचारला जातो. "मुलाचे तूप, लोणी, अंडी बंद केली तर चालेल का?" मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण रक्त आणि मेंदू यांच्यामधील अटकाव ओलांडून आत जात नाहीत. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे आणि पथ्य रुग्णांवर करून पाहिली गेली. यकृतातील साठा काहीसा उतरला, पण मेंदूच्या आजाराची चाल थांबली नाही. तेव्हा आधीच अशक्त झालेल्या मुलाच्या ताटातील तुपाची धार आईने अपराधी मनाने आखडती घेऊ नये.

मेंदूत जे निश्चितपणे वाढते ते वेगळेच आहे. गँग्लिओसाइड नावाचे, साखरेची शेपटी असलेले स्निग्ध पदार्थ मज्जापेशींत असतात. त्यांतील जीएम-२ आणि जीएम-३ हे दोन आजारी उंदराच्या मेंदूत अनेक पटींनी वाढतात. मग खरा घातक कोण, कोलेस्टेरॉल की गँग्लिओसाइड? हे ठरवण्यासाठी एक चतुर प्रयोग झाला. हे पदार्थ तयारच करू न शकणाऱ्या दुसऱ्या जातीच्या उंदरांशी आजारी वंशाचा संकर करण्यात आला. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराश करणारा होता. मज्जापेशींतील गँग्लिओसाइडचा साठा हटला, पण उंदीर ना बरे झाले, ना जास्त जगले. दुसऱ्याच वर्षी उलट दिशेचा पुरावा आला. हे पदार्थ बनण्याची पहिली पायरीच मंदावणारे मिग्लुस्टॅट हे औषध आजारी उंदरांना आणि हाच दोष असलेल्या मांजरांना दिले असता लक्षणे उशिरा सुरू झाली. संकराने जे साधले नाही ते औषधाने अंशतः का साधले, यावर आजही एकमत नाही. साठणाऱ्या पदार्थांत स्फिंगोसिन नावाचा आणखी एक आहे, आणि २००८ साली काही संशोधकांनी बिघाडाची सुरुवात त्याच्यापासूनच होते असे प्रतिपादन केले. आमचे मत विचाराल तर, एकाच पदार्थाच्या माथी सारा दोष मारण्याची घाई या आजाराने अनेकदा खोटी ठरवली आहे. मिग्लुस्टॅटला २००९ साली युरोपात या आजारासाठी मान्यता मिळाली. ते चाल मंद करते, रोग उलटवत नाही.

द्रावणाची गोष्ट

सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांच्या लक्षात आले होते की, आजारी उंदरांच्या मेंदूत कोलेस्टेरॉलपासून बनणारे एक संप्रेरक फार कमी असते. २००४ साली त्यांनी ते संप्रेरक पिल्लांना जन्मानंतर सातव्या दिवशी एकदाच टोचले, आणि त्यांचे आयुष्य जवळपास दुप्पट झाले. मोठीच बातमी होती ती. हे संप्रेरक पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात मिसळून दिले होते. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून मिळणारे शर्करेचे एक कडे. बाहेरून ते पाण्याशी मैत्री करते, आतल्या पोकळीत तेलकट पदार्थ धरून ठेवते. औषधनिर्मितीत आणि घरगुती सुगंधी फवाऱ्यांतही ते वापरतात. पुढे इतर गटांनी नुसते द्रावण टोचून पाहिले, तेव्हा संप्रेरकाशिवायही जवळजवळ तोच परिणाम मिळाला. ज्याला केवळ वाहन समजले होते, तेच औषध निघाले.

२००९ साली डॅलस येथील गटाने हे नीट मोजून दाखवले. सातव्या दिवशी सायक्लोडेक्स्ट्रिनची एकच मात्रा दिलेल्या पिल्लांत अडकलेले कोलेस्टेरॉल लायसोसोममधून सुटून पेशीच्या नेहमीच्या व्यवहारात आले, यकृत सुधारले, मज्जापेशींची हानी घटली आणि आयुष्य सुमारे ८४ दिवसांवरून १०८ दिवसांवर गेले. दाराला कुलूप तसेच होते, पण माल खिडकीतून बाहेर निघाला, असे म्हणता येईल. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन जुळ्या बहिणींना शिरेवाटे हे औषध देण्यास विशेष परवानगी दिली.

पण ते रक्तातून मेंदूत फारसे पोहोचत नाही. म्हणून मांजरांत ते मानेच्या मागील बाजूने थेट मेंदूभोवतालच्या द्रवात देण्यात आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागातील गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या या कामात, तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास मात्रा मिळालेल्या मांजरांत चालीतील दोष दीर्घकाळ उद्भवलाच नाही. उपचाराविना ही मांजरे पाच-सहा महिन्यांत दगावतात. याची किंमत मात्र मोजावी लागली: औषधामुळे कानातील संवेदी पेशी मरतात आणि ऐकू येणे कमी होते.

माणसांवरील चाचणीचा अनुभव २०१७ साली प्रसिद्ध झाला. १४ रुग्णांना पाठीच्या कण्यातून औषध देण्यात आले. रोगाची चाल पूर्वीच्या नोंदींच्या तुलनेत मंदावलेली दिसली, श्रवणदोष अपेक्षेप्रमाणे आढळला. त्यानंतरच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाला. औषध मिळालेला गट आणि केवळ नावापुरती सुई टोचलेला गट यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. ज्या कुटुंबांनी दर पंधरवड्यास मुलाला प्रवास घडवून ती सुई सोसायला लावली होती, त्यांच्यावर काय प्रसंग गुदरला असेल, याची कल्पनाच करावी.

उंदरात आणि मांजरात जे दिसले ते मुलांत का दिसले नाही? कारणे अनेक सांगितली जातात. मात्रा वेगळी, मोजमापाची पद्धत वेगळी, प्रत्येक रुग्णाची गती वेगळी. आम्हांस सर्वांत बोलके वाटते ते वयाचे कारण. उंदराला औषध मिळाले ते जन्मानंतर सातव्या दिवशी, मांजराला तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी. मुलाला ते मिळते चाल बिघडल्यावर, शाळा सुटल्यावर, अनेक दवाखाने पालथे घातल्यावर. तोवर पर्किंजे पेशी मेलेल्या असतात, आणि अडकलेला माल मोकळा केल्याने मेलेली पेशी परत येत नाही. सभेतील प्रश्नाचे आमचे अर्धे उत्तर येथेच आहे.

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अवघ्या चार दिवसांच्या अंतराने या आजारासाठी दोन औषधांना मान्यता दिली. पहिले अॅरिमोक्लोमोल, ते मिग्लुस्टॅटच्या जोडीने द्यावयाचे आहे. दुसरे लेव्हअॅसिटिलल्युसिन. याच पदार्थाचे जुने रूप फ्रान्समध्ये १९५७ पासून चक्कर येण्यावर दिले जात होते. ६० रुग्णांवरील चाचणीत बारा आठवड्यांत तोल आणि बोलणे यांत सुधारणा आढळली. दोन्हींपैकी एकही औषध मूळ दोष दूर करत नाही. तरीही आजाराचे पहिले वर्णन झाल्यापासून एकशे दहा वर्षांनी का होईना, डॉक्टरांच्या हाती काही आले.

आमच्या देणगीदारांत अहिंसाव्रताचे कसोशीने पालन करणारे अनेक आहेत, आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे वर्णन वाचून त्यांच्या मनास क्लेश होणे स्वाभाविक आहे. आपल्या रुग्णालयात असे कोणतेही प्रयोग होत नाहीत, आणि न्यासाचा पैसा त्यावर खर्च होत नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा कामावर शासकीय समितीची देखरेख असते. याहून अधिक समर्थन आम्ही करीत नाही. मात्र या उंदरांमुळे मिळालेल्या ज्ञानाचा लाभ आज आपल्या रुग्णालयात येणाऱ्या मुलास होतो, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

तो लाभ असा. कोलेस्टेरॉल तुंबून राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन काही उपपदार्थ बनतात. आजारी उंदरांच्या ऊतींत आणि रुग्णांच्या रक्तात हे उपपदार्थ लक्षणीय वाढलेले असतात, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्वचेचा तुकडा आणि आठवड्यांची प्रतीक्षा यांऐवजी रक्ताच्या लहान नमुन्यावर प्राथमिक चाळणी करता येऊ लागली. पुढे याहून अधिक नेमक्या रक्तचाचण्याही आल्या. पित्ताचा प्रवाह अडलेल्या तान्ह्या मुलांत आणि अन्य काही संचय-विकारांतही हे आकडे वाढू शकतात, म्हणून अंतिम शिक्कामोर्तब जनुक तपासणीनेच होते.

उरलेले अर्धे उत्तर कुटुंबाविषयीचे आहे. सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः पूर्ण निरोगी असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भधारणेत धोका चारात एक असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची रीत आहे. रक्ताच्या नात्यात दोन्हीकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते, हे आम्ही कोणाच्या परंपरेवर टीका म्हणून नव्हे, तर सल्ला म्हणून नमूद करतो. आजारी मुलातील नेमका जनुकदोष ठाऊक असेल, तरच पुढील गरोदरपणात वारेच्या पेशी किंवा गर्भजल तपासून खात्रीने सांगता येते. मूल निदानाविना गेले, तर आईला पुढचे नऊ महिने अंधारात काढावे लागतात. दोषाचे नाव ठाऊक असण्याची किंमत कोणत्याही औषधाच्या दराने मोजता येत नाही, आणि न्यासाने राखून ठेवलेला निधी प्रामुख्याने याच तपासणीसाठी आहे.

केंद्र शासनाने २०२१ साली दुर्मिळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. धोरणाच्या यादीतील आजारांच्या रुग्णांना निवडक केंद्रांमार्फत साहाय्य मिळते. २०२२ पासून त्याची कमाल मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. कोणता आजार यादीत बसतो आणि कोणता नाही, हे अर्ज करण्यापूर्वी आमच्या समाजसेवा कक्षात विचारून घ्यावे. कागदपत्रे जुळवण्यास आणि संदर्भपत्र देण्यास कक्ष मदत करतो. त्यासाठी शुल्क नाही.

पालकांनी, आणि विशेषतः शिक्षकांनी, पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. तान्हेपणी रेंगाळलेल्या काविळीचा किंवा वाढलेल्या पानथरीचा इतिहास असलेले मूल पुढे वारंवार पडू लागले. जिना उतरताना नजर खाली वळवण्याऐवजी मान वाकवू लागले. हसताना त्याचे अंग ढिले पडू लागले. चांगले असलेले अक्षर आणि पाठांतर बिघडत गेले, तर 'वयानुसार सुधारेल' म्हणून थांबू नये. तरुणपणी प्रथमच मानसिक लक्षणे दिसून सोबत चालीत दोष असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. येताना जन्माच्या वेळची कागदपत्रे, काविळीच्या जुन्या चाचण्या आणि शक्य असल्यास मुलाच्या दोन वर्षांपूर्वीच्या वह्या बरोबर आणाव्यात. निदान पक्के झाल्यास धाकट्या भावंडांनाही त्याच दिवशी दाखवावे, ते कितीही ठणठणीत दिसत असले तरी.